तडकलेल्या हाडावर बेचाळीस किलोमीटर

पॅरिस ऑलिम्पिकमधली महिलांची मॅरेथॉन ११ ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ब्रिटनची रोझ हार्वी तिच्यात ७८वी आली. वेळ होती २ तास ५१ मिनिटं ३ सेकंद. आदल्याच वर्षी शिकागोमध्ये तिने हेच अंतर २ तास २३ मिनिटांत कापलं होतं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक. ऑलिम्पिकच्या काही आठवडे आधीपासून तिचा खुबा आखडल्यासारखा वाटत होता. शर्यत सुरू होऊन फार वेळ गेला नव्हता तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे तिच्या लक्षात आलं. पॅरिसचा मार्ग चढउतारांचा. तशा मार्गावर ती शेवटपर्यंत पळली आणि मग तपासणीत कळलं की मांडीच्या हाडाला तडा गेला आहे.

मिनिटाला १८० पावलं धरली तर एवढ्या वेळात तीस हजारांहून जास्त पावलं पडतात, म्हणजे एकेका पायावर पंधरा हजार. पळताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट धक्का परत येतो, आणि स्नायू आवळले जातात तेव्हा हाडावरचा ताण त्याहून कितीतरी वाढतो. हे सगळं तडकलेल्या हाडावर.

दुखणं अंगावर काढणं आपल्याला नवीन नाही. पण ज्यांचं शरीर हेच भांडवल आहे, ज्यांच्या मागे डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक उभे असतात, अशी माणसं ते का काढतात, हे समजून घ्यायचं तर आधी हाडाकडे बघावं लागतं.

हाड दगडासारखं निर्जीव वाटतं, पण त्यात सतत डागडुजी चालू असते. एका जातीच्या पेशी झिजलेला, बारीक चिरा पडलेला भाग खरवडून काढतात. दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवं हाड भरतात. गोम अशी की या दोघींचा वेग सारखा नाही. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, तर भरायला साधारण तीन महिने. म्हणजे पळण्याचा भार अचानक वाढवला की काही आठवड्यांनी हाड आधी पोकळ होतं आणि मग मजबूत होतं. त्या मधल्या काळात भार तसाच राहिला तर बारीक चिरा एकमेकींना जोडल्या जातात आणि तडा तयार होतो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

हे सगळ्यात आधी धावपटूंमध्ये दिसलं नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. ते कशामुळे होतं हे त्याला कळायला मार्गच नव्हता. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर दिसलं की त्या पावलांतली हाडं तडकलेली असतात. आजही सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर जो निश्चिंत झाला, तो फसला. आणि हे दुखणं दुर्मीळही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ट्रॅक अँड फील्ड खेळाडूंवर वर्षभर लक्ष ठेवून केलेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर पाचातल्या एकाला त्या वर्षात स्ट्रेस फ्रॅक्चर झालेलं आढळलं.

मग दुखल्यावर माणूस थांबत का नाही? कारण शर्यतीच्या दिवशी दुखणं खरं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, फार दुखतंय का, मॉर्फिन देऊ का? बहुतेकांनी नको म्हटलं. जखम किती मोठी आहे एवढ्यावरच वेदना ठरत नाही, आपण कुठे आहोत आणि आपल्याला काय करायचंय हेही मेंदू त्यात धरतो. मोठ्या शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर अॅड्रेनलिन वाढलेलं असतं, शरीर स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडत असतं. आदल्या दिवशी जिन्यावर कळ आणणारा खुबा बंदुकीचा बार झाल्यावर गप्प बसतो. पाचव्या-सहाव्या किलोमीटरला तो बोलायला लागतो, तेव्हा मागे फिरायला मन तयार नसतं.

त्यात भर म्हणजे सगळी दुखणी एका जातीची नसतात. टाचेमागची अकिलीस कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी दोरी, दुखत असेल तर सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं लंगडत पडतात, मग अंग तापलं की दुखणं ओसरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर होतं. अशा कंडरेच्या बाबतीत थोडं दुखत असताना पळणं चालूही शकतं. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पाचापर्यंतचं दुखणं सोसत, ते दुसऱ्या सकाळपर्यंत उतरतं की नाही यावर लक्ष ठेवत सराव चालू ठेवण्याची पद्धत फिजिओ वापरतात, आणि ती बऱ्याच जणांना लागू पडते. हाडाला मात्र हा हिशेब लागू होत नाही. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खुब्याजवळच्या मानेसारख्या भागात बाहेरच्या बाजूने तडा गेला आणि पळणं चालूच राहिलं, तर हाड सरकून तुटू शकतं आणि वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. वर्षानुवर्षं कंडरेचं दुखणं सोसत मोठा झालेला धावपटू हाडाचं दुखणंही त्याच सवयीने सोसतो. माझ्या मते सगळ्यात जास्त घात इथे होतो. ज्या सहनशक्तीने त्याला वर आणलं, तीच इथे त्याला चुकीची माहिती देते.

ब्रिटनच्याच पॉला रॅडक्लिफचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. २००३ मध्ये लंडनला मॅरेथॉनचा २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम केलेली ही बाई २००४ मध्ये अथेन्सला उतरली तेव्हा सुवर्णपदक तिचंच, असं सगळा देश धरून चालला होता. शर्यतीच्या आधी तिच्या पायाला दुखापत झाली होती आणि त्यासाठी ती सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेत होती. त्या गोळ्यांनी पोट बिघडलं, खाल्लेलं अंगी लागेना, हे तिने नंतर सांगितलं. कडक उन्हात, शेवटचे काही किलोमीटर उरले असताना ती थांबली आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. पाचच दिवसांनी ती १०,००० मीटरला पुन्हा उभी राहिली आणि तीही शर्यत तिला सोडावी लागली.

या गोळ्यांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण त्या निरुपद्रवी समजल्या जातात. इबुप्रोफेनसारखी औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. सूज आणि दुखणं वाढवणारी द्रव्यं हीच. पण जठराचं अस्तर सांभाळणारी आणि मूत्रपिंडाकडे रक्त वाहतं ठेवणारीही हीच. लांब पळताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, अशा वेळी हा आधार काढून घेतला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८० किलोमीटर पळणाऱ्यांपैकी काहींना दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम इबुप्रोफेन दिलं, काहींना नुसती दिखाऊ गोळी. मूत्रपिंडाला इजा झाल्याची चिन्हं इबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांमध्ये दिसली, बाकीच्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचा आकडाही काही लहान नाही. बाकी औषधांवर बंधनं येत गेली आहेत. स्टेरॉइडच्या कुठल्याही इंजेक्शनवर स्पर्धेच्या काळात २०२२ पासून बंदी आहे, ट्रॅमाडॉल या जोरदार वेदनाशामकावर २०२४ पासून. बधिर करणारी साधी इंजेक्शनं आणि इबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र अजून नियमात बसतात.

रॅडक्लिफ २००८ मध्ये बीजिंगला गेली ती मांडीच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर जेमतेम भरत आलेलं असताना. मे महिन्यात ते सापडलं होतं आणि शर्यत ऑगस्टमध्ये होती. मधला बराच काळ ती पाण्यात पळत होती. खोल पाण्यात पट्टा बांधून पळण्याच्या हालचाली केल्या की हृदय आणि फुप्फुसं बरीचशी तयारीत राहतात, हाडावर भार येत नाही. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. इंजिन धडधडत तयार असतं आणि चाक अजून दुरुस्त झालेलं नसतं. धावपटूला स्वतःचा दम जाणवतो, श्वास जाणवतो, हाड किती भरलंय हे जाणवत नाही. रॅडक्लिफ त्या दिवशी लंगडत २३वी आली, वेळ २ तास ३२ मिनिटं ३८ सेकंद.

तिला कुणी जबरदस्तीने उतरवलं नव्हतं. हार्वीलाही नाही. दुसरी कुठली शर्यत असती तर मी थांबले असते, पण इथे ती रेषा गाठायचीच होती, अशा अर्थाचं हार्वी नंतर म्हणाली. ऑलिम्पिक चार वर्षांनी येतं आणि मॅरेथॉन पळणाऱ्याचा उमेदीचा काळ दोन, फार तर तीन ऑलिम्पिकांचा. वर्षाला मोठ्या शर्यती त्याच्या वाट्याला दोनच येतात, कारण प्रत्येकीसाठी तीन-चार महिने तयारी लागते. एक हुकली की वर्षाची अर्धी कमाई गेली. बुटांच्या कंपन्यांच्या करारांत ठरावीक शर्यती पळल्या नाहीत किंवा क्रमवारीत घसरण झाली तर मानधन कापण्याची कलमं असतात. २०१९ मध्ये काही अमेरिकन धावपटूंनी उघडपणे सांगितलं की गरोदरपणातही त्यांचे पैसे कापले गेले किंवा थांबवले गेले. जिथे मूल होणंही गैरहजेरीत धरलं जात होतं, तिथे मांडीच्या हाडातल्या केसाएवढ्या चिरेला कोण विचारणार?

विश्रांतीची भीतीही पूर्ण खोटी नाही. चांगला तयार झालेला खेळाडू सराव पूर्ण थांबवला तर साधारण तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची सात टक्के क्षमता गमावतो. पहिल्या आणि विसाव्या क्रमांकातलं अंतर याहून कमी असतं. पण नाण्याची दुसरी बाजूही मोजली गेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल अॅथलीटांच्या पाच हंगामांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की ज्यांनी ठरलेल्या सरावाचे ८० टक्क्यांहून जास्त आठवडे बिनदुखापतीचे पार पाडले, त्यांनी आपलं लक्ष्य गाठण्याची शक्यता सातपट होती. दुखणं रेटून नेणारा त्या आठवड्यापुरता जिंकतो, हंगाम मात्र हरतो.

बायकांच्या बाबतीत यात आणखी एक धागा आहे, आणि तो फार काळ कुणी बोलूनच दाखवत नव्हतं. हलकं शरीर वेगाने पळतं हे काही मर्यादेपर्यंत खरं असल्यामुळे प्रशिक्षक वजनकाट्यावर नजर ठेवतात. पळण्यात खर्च होणाऱ्या उष्मांकांइतकं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर सुरू करतं. आधी पाळी बंद होते. इस्ट्रोजेन घटतं, आणि हाड खरवडणाऱ्या पेशींना आवर घालणारं हेच संप्रेरक. त्या मोकाट सुटतात. पाळी थांबणं हे कसून सराव करत असल्याचं लक्षण आहे असं पूर्वी सर्रास मानलं जायचं. खरं तर ती हाडाने दिलेली आगाऊ सूचना असते. मेरी केन ही अमेरिकन मुलगी २०१३ मध्ये सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत पोचली. २०१९ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं तडकली. तिचे प्रशिक्षक आल्बर्टो सालाझार यांनी आरोप नाकारले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये कमी उष्मांकांमुळे होणाऱ्या या अवस्थेला नाव दिलं आणि ती पुरुषांतही होते हे मान्य केलं.

या सगळ्यावर आपण सांगत असलेल्या गोष्टींचं ओझंही आहे. जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर १९८४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, १७ दिवसांनी तिने अमेरिकेची निवड शर्यत जिंकली आणि ऑगस्टमध्ये महिलांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉनही. तिची जिद्द खरीच. पण अशाच अवस्थेत उतरून जे कायमचे संपले त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी पडला, गुडघा निखळला, आणि पायाला पट्टी गुंडाळून तो विजेत्यानंतर तासाभराने स्टेडियममध्ये आला. ते दृश्य जगभर दाखवलं जातं. त्याच शर्यतीत अबेबे बिकिला, आधीच्या दोन्ही ऑलिम्पिकचा विजेता, पायाच्या दुखापतीमुळे निम्म्या वाटेच्याही आत थांबला. ते कुणी दाखवत नाही. मला वाटतं तेही मुलांना दाखवायला हवं, कारण बिकिलाने थांबायचं ठरवलं तेव्हा त्याच्याजवळ गमावण्यासारखं सगळ्यांहून जास्त होतं.

नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितलं की धावपटूने ताबडतोब शर्यत सोडायची, असा नियम आहे. तो उपयोगी पडतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या संकटात: उष्माघात, भोवळ, तोल जाणं. हाडातला तडा दिसत नाही. तो दिसतो एमआरआयच्या खोलीत, शर्यतीच्या कितीतरी आठवडे आधी. तिथे अहवाल हातात घेऊन उभा असतो संघाचा डॉक्टर, आणि त्याची नेमणूक त्याच संघाने केलेली असते. खेळाडूच्या पदकाशी ज्याच्या पगाराचा संबंध नाही अशा डॉक्टरच्या हाती तो निर्णय द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण थांबवण्याची वेळ रस्त्यावर आली की काय होतं ते जपानने २१ ऑक्टोबर २०१८ रोजी पाहिलं. फुकुओकामधल्या महिलांच्या एकिदेन शर्यतीत, म्हणजे खांद्यावरचा पट्टा एकीने दुसरीकडे सोपवत पळायच्या सांघिक शर्यतीत, १९ वर्षांच्या रेई इइदाच्या उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. पट्टा द्यायला दोनशे-तीनशे मीटर उरले होते. ती हातांवर आणि गुडघ्यांवर रांगायला लागली. डांबराने गुडघे सोलले, रक्त यायला लागलं. तिच्या संघाच्या प्रशिक्षकाने दुरून पडद्यावर हे पाहिलं आणि तिला थांबवा असं आयोजकांना कळवलं. तो निरोप तिच्या शेजारून चालणाऱ्या पंचापर्यंत पोचेपर्यंत ती बरंच अंतर रांगली होती. पुढची धावपटू अगदी जवळ उभी होती, आणि त्या पंचाला तिला थांबवणं जमलं नाही.