कुत्र्याचा मऊ खाऊ आणि डब्यातलं मोकळं पाणी

आमची चिमी आता १३ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचे किडलेले दात काढावे लागले. तेव्हापासून विकतचं कडक बिस्कीट दिलं की ती ते तोंडात धरते, थोडा वेळ घोळवते आणि जमिनीवर ठेवून माझ्याकडे बघत बसते. म्हणून मऊ खाऊ घरीच करायचा असं ठरवलं. मोबाईलवर फिरत आलेली एक कृती हाताशी होती: कणीक, उकडलेलं रताळं, एक अंडं, मळून भाजा आणि ‘हवाबंद डब्यात ठेवा, १५ दिवस मऊ राहतो’.

जुलै महिना, पुण्याचा पाऊस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर हिरवट बुरशी. पुढच्या वेळी डबा फ्रिजमध्ये ठेवला. बुरशी आली नाही, पण दोन दिवसांत तुकडे इतके चामट आणि कडक झाले की चिमीने त्यांचंही बिस्किटासारखंच केलं. खाऊ एकच, डबा एकच, आणि बिघाड दोन, तेही एकमेकांच्या उलट दिशेचे. या दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे. त्या पाण्याचं वागणं मला इतकं आवडलं की इथे बरीच जागा त्यालाच देणार आहे.

आधी हवाबंद डब्याबद्दल. पावसाळ्यात चिवडा सादळतो, पापड सादळतात, म्हणून आपण त्यांना घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. तिथे ते बरोबरच आहे, कारण पाणी बाहेरच्या हवेत असतं आणि आत यायला बघत असतं. मऊ खाऊत मात्र पाणी आतच असतं. झाकण लावल्यावर खाऊतलं थोडं पाणी वाफ होऊन डब्यातल्या हवेत येतं. वाफ होणारं पाणी आणि परत खाऊत शिरणारं पाणी यांचा वेग सारखा झाला की डब्यातल्या हवेची आर्द्रता एका आकड्यावर स्थिर होते. पावासारख्या मऊ पदार्थासाठी हा आकडा ९५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे बुरशीसाठी आपण कायमचा श्रावण तयार करून दिला. बुरशीला लागते तेवढी हवा डब्यात आधीच असते, आणि तिचे बीजाणू खाऊ गार होत असतानाच त्यावर बसलेले असतात.

या स्थिर आर्द्रतेला १०० ने भागलं की जो आकडा मिळतो, त्याला अन्नशास्त्रात वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. मी त्याला मोकळं पाणी म्हणतो. शुद्ध पाण्याचा आकडा १. कुरकुरीत बिस्किटाचा साधारण ०.३. मधाचा ०.६ च्या आसपास. बहुतेक जिवाणूंना वाढायला ०.९१ च्या वर लागतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा विषबाधा करणारा जिवाणू चिवट, तो ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. बहुतेक बुरशी ०.८० पर्यंत वाढतात आणि काही हट्टी प्रकार ०.६१ पर्यंत पोचतात. पदार्थात पाणी किती टक्के आहे यावर जंतूंची वाढ ठरत नाही, ती या आकड्यावर ठरते, हे ऑस्ट्रेलियातल्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं.

आपल्या स्वयंपाकघराला हे स्कॉटच्या आधीपासून ठाऊक आहे. पुरणपोळीतही गूळ, गूळपोळीतही गूळ. पण पुरणपोळी दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारायला लागते आणि संक्रांतीची गूळपोळी आठवडाभर डब्यात राहते. पुरणात शिजलेल्या डाळीचं भरपूर पाणी आहे, आणि त्या मानाने गूळ थोडा. गूळपोळीच्या सारणात पाणी नावालाच, आणि जे आहे ते गुळाने धरून ठेवलेलं. मुरांबा ओला असून टिकतो, तोही याच कारणाने.

‘धरून ठेवलेलं’ म्हणजे काय, इथे खरी गंमत आहे. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ राऊल यांनी १९ व्या शतकात सांगितलेला नियम असा: द्रावणातल्या पाण्याची वाफ होण्याची ओढ किती कमी होईल, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, त्यांच्या वजनावर नाही. मोकळं पाणी ०.८५ वर आणायचं तर दर १०० रेणूंत ८५ पाण्याचे आणि १५ दुसऱ्या कशाचे हवेत. रेणूंची संख्या मोजायचं एकक म्हणजे मोल (जसं अंडी डझनात मोजतो). १०० ग्रॅम पाणी म्हणजे ५.५५ मोल. त्यात साधारण ०.९८ मोल दुसरा पदार्थ हवा. ग्लिसरीनचा एक मोल ९२ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम ग्लिसरीन. साखरेचा एक मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ ३३५ ग्रॅम साखर. प्रत्यक्षात साखर इतकी आदर्श वागत नाही, सुमारे २०० ग्रॅमलाच द्रावण संपृक्त होतं आणि आकडा त्या सुमाराला येतो. तरीही १०० ग्रॅम पाण्याला २०० ग्रॅम साखर! तो पाकच झाला. मिठाचे तर पाण्यात एकाचे दोन विद्युतभारित कण (आयन) होतात, म्हणून मीठ याहून जोरकस. पण इतकी साखर किंवा इतकं मीठ कुत्र्याच्या खाऊत घालायचा विचारही नको.

आता रताळं घ्या. लाल भोपळा घेतला तरी तेच. दोन्हींत तंतू आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारा वनस्पतींतला पदार्थ) भरपूर, म्हणून खाऊ ओलसर आणि मऊ लागतो. मला वाटलं होतं की रताळं पाणी धरून ठेवतं, तर बुरशीलाही ते मिळणार नाही. चूक इथेच होती. पेक्टिन आणि तंतूंचे रेणू प्रचंड मोठे असतात. वजनाने ते कितीही भरोत, संख्येने मोजकेच, आणि राऊलचा नियम संख्या मोजतो. ते पाणी धरतात ते स्पंजासारखं. स्पंज पिळला नाही तर गळत नाही, पण त्याला हात लावला तर हात ओलाच होतो. बुरशीही तशीच हात लावते. मऊपणा देणारं पाणी आणि बुरशीला मिळणारं पाणी एकच राहतं.

कुत्र्याची बिस्किटं दगडासारखी कडक का असतात, याचं उत्तरही इथेच आहे. १८६० च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. गोदीत खलाशांची कडक, महिनोन्‌महिने टिकणारी बिस्किटं कुत्री खाताना त्याने पाहिली आणि कल्पना सुचली, असं सांगतात. ती कडक होती ती दात स्वच्छ व्हावेत म्हणून नव्हे, सागरी प्रवासात सडू नयेत म्हणून. विकतचा मऊ खाऊ टिकतो, कारण त्यात ग्लिसरीनसारखे छोटे रेणू आणि बुरशीरोधकं घातलेली असतात.

दुसरा बिघाड, फ्रिजमधला. कडक झालेल्या खाऊतलं पाणी उडून गेलं असेल, असं वाटणं साहजिक आहे. मी तुकडे आधी आणि नंतर काट्यावर तोलले. वजन जवळजवळ तेवढंच होतं. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पावावर हेच दाखवलं होतं: पाणी अजिबात जाऊ दिलं नाही तरी पाव शिळा होतो, आणि गरम केला की पुन्हा ताज्यासारखा होतो. शिळी भाकरी तव्यावर गरम केली की मऊ होते, हे घराघरात माहीत आहे. बूसँगोने त्यातून कारण शोधायची वाट उघडली.

कणकेतला स्टार्च ६० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, त्याच्या साखळ्या सैल होतात. तेच शिजणं. गार झाल्यावर या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात आणि त्यांचे बारीक स्फटिक बनायला लागतात. साखळ्यांच्या मधलं पाणी बाजूला सारलं जातं आणि पदार्थ ताठर होतो. स्फटिक बनायला दोन गोष्टी लागतात: थंडी, म्हणजे साखळ्या स्थिर बसतील, आणि थोडी हालचाल, म्हणजे त्या एकमेकींना शोधतील. या दोन्हींचा मेळ उत्तम जमतो तो नेमका ४ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या फ्रिजमध्ये! बाहेर ठेवलं तर बुरशी, फ्रिजमध्ये ठेवलं तर स्फटिक. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये मात्र साखळ्या जिथल्या तिथे गोठतात आणि बुरशीही थांबते. तयार झालेले स्फटिक ५० ते ६० अंशांना पुन्हा वितळतात. भाकरीला तवा लागतो तो यासाठी.

बुरशी आलीच तर तेवढा भाग काढून उरलेलं कुत्र्याला घालायचं, ही आपल्याकडची सवय मला फार खटकते. बुरशी लागलेला पाव, विटलेली भाजी गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकतात आणि भूतदया केल्याचं समाधान मानतात. शिळ्या अन्नावरच्या काही पेनिसिलियम बुरशी पेनिट्रेम नावाचं विष तयार करतात. त्याने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. वर दिसते ती बुरशीची पिकलेली शेंडी, तिचे धागे आत पसरलेले असतात. जे आपण खाणार नाही ते त्याच्यापुढे टाकू नका.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला गहू पचत नाही’ असं सांगून महागडा ग्रेन-फ्री खाऊ विकला जातो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांची आणि लांडग्यांची जनुकं ताडून पाहिली. स्टार्च पचवणारं अमायलेज बनवायला सांगणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढलेल्या प्राण्याची ही खूण आहे. काही कुत्र्यांना गव्हाची ॲलर्जी असते, त्यांची गोष्ट वेगळी. शिजलेली कणीक बाकीच्यांना पचते.

खाऊत काय घालायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. लसणीने गोचीड पळतात असं अनेक जण छातीठोक सांगतात. गोचीड पळत नाहीत. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना मात्र इजा करतात. ‘शुगर-फ्री’ पीनट बटरमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल हा गोड पदार्थ असू शकतो. त्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नकोत. द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं का निकामी होतात, हे अनेक वर्षं कोडं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीरक्षण संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी मळलेला खेळायचा गोळा खाऊन एक कुत्रा तसाच आजारी पडला होता, आणि त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच क्षार, होतं. टार्टारिक आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. काही बेकिंग पावडरींत क्रीम ऑफ टार्टर असतं, म्हणून मी पावडर घालतच नाही. खाऊ फुगायची गरज काय?

मी आता असं करतो. २०० ग्रॅम उकडलेलं रताळं कुस्करायचं, त्यात १०० ग्रॅम कणीक आणि एक अंडं. ओव्हनमध्ये बाहेरचा थर वाळून कडक पापुद्रा धरतो, म्हणून मी तेलाचा हात लावलेल्या इडलीपात्रात १५ मिनिटं वाफवतो. वाफेत तापमान १०० च्या वर जात नाही, स्टार्च पूर्ण शिजतो आणि पापुद्रा येत नाही. गार झाल्यावर सुरीने ६० तुकडे करायचे. सगळ्याच्या मिळून सुमारे ५८० किलोकॅलरी होतात, म्हणजे एका तुकड्याच्या जेमतेम १०. चिमी १० किलोची, वय झालेली, नसबंदी झालेली. तिला दिवसाला साधारण ५५० किलोकॅलरी पुरतात, आणि वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे ५ तुकडे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्यासाठी हे गणित आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावं.

तुकडे ताटात सुटे पसरून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि घट्ट झाले की पिशवीत भरतो. एकदम सगळे बाहेर काढत नाही, कारण प्रत्येक गरम करण्यात थोडं पाणी खरंच उडतं, आणि ते कोणताही तवा परत आणू शकत नाही. रोज सकाळी फक्त ५ काढतो. मंद आचेच्या तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवतो. दोन-तीन मिनिटांत स्फटिक वितळतात, रताळ्याचा वास सुटतो आणि चिमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. मग तुकडे कोमट होईपर्यंत आम्ही दोघं थांबतो.