पाहुणा नव्हे, पोस्टडॉक : मुंबईतल्या इमेजिंग संशोधनाची पार्श्वभूमी

पीएचडी झाल्यावर दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत राहून नवं तंत्र हाताखाली घालायचं, याला आता सरसकट पोस्टडॉक म्हणतात. मुंबईत या जागा मात्र निरनिराळ्या नावांनी नांदत आल्या आहेत. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) पोस्टडॉकला ‘व्हिजिटिंग फेलो’ म्हणतात. पाहुण्यांसाठीचं पद समजून पान उलटलं, की संधी गेलीच! सीएसआयआरकडे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे, ‘रिसर्च असोसिएट’. जुन्या मंडळींच्या तोंडी ‘पूल ऑफिसर’ यायचा. परदेशात शिकून परतलेल्यांना कायमची नोकरी लागेपर्यंत आधार हवा, म्हणून १९५८ मध्ये सायंटिस्ट्स पूल सुरू झाला, त्यातलं हे नाव.

इमेजिंगपुरतं, म्हणजे पेशींच्या किंवा शरीराच्या आतल्या प्रतिमा घेण्यापुरतं, बोलायचं तर सुरुवात परळपासून करावी लागते. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. तिथे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली सत्यवती शिरसाट यांनी कर्करोगाच्या पेशींचा अभ्यास सुरू केला. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या खालचं काही वेगळं करून दाखवता येत नाही. पेशीच्या आतली बारीक रचना बघायची तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. पीएचडीनंतर शिरसाट लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत गेल्या, ते तंत्र शिकून आल्या आणि परळला त्याची प्रयोगशाळा उभी केली. पोस्टडॉकचा याहून चांगला उपयोग मला तरी सांगता येणार नाही.

पुढचं वळण सरकारी आहे, पण महत्त्वाचं. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे गेलं आणि १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) अणुभट्टी, कुलाब्याचे भौतिकशास्त्रज्ञ आणि परळचे रुग्ण एकाच खात्याच्या छत्राखाली आले. २००२ मध्ये याच केंद्रात देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर सुरू झाला. पेट स्कॅनमध्ये शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी द्रव्यावरून प्रतिमा घेतात. त्यासाठी लागणारं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये तयार करतात आणि ते साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं. मुंबईच्या ट्रॅफिकचा अनुभव असलेल्याला सायक्लोट्रॉन जवळ का हवा, ते समजावून सांगावं लागत नाही.

टीआयएफआरने १९८०च्या दशकात उच्च चुंबकीय क्षेत्राच्या एनएमआरची (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची) राष्ट्रीय सुविधा उभारली. एमआरआयचं तत्त्व तेच. पण तिथे आधी रेणूंची रचना उलगडली जात होती, माणसाचा मेंदू नव्हे.

पैशांचा भाग थोडक्यात. सर्बची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, राष्ट्रीय पोस्टडॉक्टोरल फेलोशिप दोन वर्षांची होती. आता सर्बच ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’मध्ये विलीन झालं आहे. एमडी, एमएस झालेल्यांनाही त्या फेलोशिपसाठी अर्ज करता येत असे, पण वयाची अट सर्वसाधारणपणे ३५. एमडीनंतरची डीएम ही पदवी करून बाहेर पडेपर्यंत डॉक्टर पस्तिशीला टेकलेला असतो. त्यामुळे या जागांवर डॉक्टरांपेक्षा इंजिनिअर आणि भौतिकशास्त्रवालेच जास्त दिसले, तर नवल नाही.

त्यांची अडचण वेगळी. प्रतिमांवर अल्गोरिदम चालवणारी माणसं पवईच्या आयआयटीत, आणि स्कॅन परळला किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात. ओळख पुसलेले स्कॅन हाती यायचे, तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. दोन वर्षांच्या फेलोशिपमधले पहिले काही महिने त्या फाइलीमागेच जातात.