खाकीची छटा आणि मालकी : छात्रसैनिकांच्या गणवेशाची पार्श्वभूमी

गणवेश सांभाळण्याचे जे नियम राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एनसीसी) छात्रसैनिकांना प्रशिक्षणाच्या आरंभीच सांगितले जातात, ते मुख्यतः कापडाच्या जातीवरून आणि गणवेशाच्या मालकीवरून ठरत आले आहेत. या दोन्ही गोष्टी बदलल्या. नियम मात्र पुष्कळ ठिकाणी जुनेच राहिले.

वायव्य सरहद्दीवर 1846 मध्ये उभारलेल्या एका पथकापासून भारतातील लष्करी खाकीचा आरंभ मानला जातो. सुरुवातीच्या काळात पांढरे सुती कापड हाताशी असेल त्या वस्तूने रंगवले जाई आणि धुण्यागणिक त्याचा रंग वेगवेगळा उतरे. 1857 च्या उठावानंतर बऱ्याच पलटणी पुन्हा पांढऱ्या कापडाकडे वळल्या. पक्क्या खाकी रंगाचे पेटंट 1884 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले आणि त्यानंतरच या रंगाने लष्करात कायमचे घर केले. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची पहिली पथके 1917 मध्ये उभी राहिली. 1948 च्या कायद्याने देशव्यापी छात्रसेना आली आणि पुढच्याच वर्षी तीत मुलींचा विभाग सुरू झाला.

सुरुवातीच्या पिढ्यांचा गणवेश ड्रिल नावाच्या जाड, तिरप्या विणीच्या सुती कापडाचा होता. खळ घातल्याशिवाय त्याची घडी टिकत नसे, त्यामुळे खळ ही शिस्तीचीच खूण होऊन बसली. ती वाजवीपेक्षा जास्त झाली की कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होई आणि वारंवार एकाच रेषेवर दुमडून त्या रेषेवरच विरत जाई. खळ घातलेला गणवेश पावसाळ्यात पेटीत राहिला, तर त्यावर बुरशी धरे आणि कसर लागे. पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्रणाचे टेरीकॉट आल्यावर खळीची गरज जवळजवळ संपली आणि धोका इस्त्रीकडे सरकला: तापलेल्या इस्त्रीने या कापडावर, विशेषतः खिशाच्या झाकणांवर आणि शिवणींच्या उंचवट्यांवर, जी चकाकी येते ती पुन्हा जात नाही. म्हणूनच त्यावर ओलसर सुती फडके ठेवून किंवा कापड उलटे करून इस्त्री करावी लागते.

सर्वाधिक मतभेद मात्र गणवेश कोणी द्यायचा या प्रश्नावर आहेत. दीर्घकाळ तो भांडारातून मिळे आणि प्रशिक्षण संपल्यावर धुऊन परत करावा लागे. सरकारी मालमत्ता असल्याने त्याला कात्री लावण्याची मुभा नसे. विजारीची लांबी आत दुमडून कच्च्या टाक्याने बसवायची, म्हणजे पुढच्या मुलाला ती उसवून घेता येई. या पद्धतीत मापाचे हाल होत, आणि सडपातळ मुलामुलींना ढगळ शर्टात ऐटीत उभे राहणे अवघड जाई, हे मान्यच केले पाहिजे. गेल्या काही वर्षांत गणवेशाचा भत्ता थेट छात्रसैनिकाच्या बँक खात्यात देण्याचे धोरण आले. माप नीट बसू लागले आणि दुसऱ्याने वापरलेले कपडे घालण्याची सक्ती गेली, हा या बदलाचा खरा लाभ आहे.

तरीही या निर्णयाची एक बाजू दुर्लक्षित राहिली. प्रत्येकाने आपापले कापड घेतले की संचलनाच्या एकाच रांगेत कुठे हिरवट, कुठे पिवळसर, तर कुठे तपकिरी खाकी दिसते. आता रंग पक्का असतो, परंतु एकोणिसाव्या शतकात पलटणींना सतावणारी छटांची विसंगती खरेदीच्या वाटेने परत आली आहे. परत करण्याचे बंधन गेल्यामुळे किरकोळ दुरुस्तीकडेही दुर्लक्ष होते, आणि शर्ट एकदा घालून लगेच धुतला जातो तेव्हा विजार मात्र तीन-तीन कवायतींनंतर पाण्यात पडते. काही महिन्यांत एकाच मुलाच्या अंगावरचे दोन कपडे दोन रंगांचे दिसू लागतात. शर्ट आणि विजार कायम जोडीनेच धुणे, उलटे करून सावलीत वाळवणे आणि धुण्यात ब्लीच न वापरणे, एवढी काळजी घेतली तर ही तफावत पुष्कळ कमी होते. मूळ छटेचा प्रश्न मात्र धुण्याने सुटणारा नाही. भत्ता खात्यात जमा झाला, तरी संपूर्ण तुकडीचे कापड एकाच ताग्यातून घ्यायला आणि शिवण मात्र ज्याच्या त्याच्या मापाने करून घ्यायला कोणतीच आडकाठी नाही.