थाओग्वांग-यांगह्वेइ

चीनच्या परराष्ट्र व सुरक्षा धोरणातील एक सूत्र. सामर्थ्याचा गाजावाजा न करता, जागतिक नेतृत्व अंगावर न घेता आधी देशाचा विकास साधावा, हा त्याचा आशय. शब्दशः अर्थ ‘तेज झाकणे, अंधार जोपासणे’. मराठीतील ‘झाकली मूठ’ जवळची वाटते, पण ती उपमा फसवी आहे : झाकलेली मूठ रिकामीही असू शकते, येथे तेज आहे, हे गृहीतच धरले आहे.

वाक्प्रचार जुन्या ग्रांथिक चिनीतला. धोरणसूत्र म्हणून तो चीनचे तत्कालीन सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांच्या नावावर मोडतो आणि सहसा १९८९ शी जोडला जातो. तिआनानमेन चौकातील दडपशाहीनंतर पाश्चात्त्य निर्बंध लागू झाले, तेव्हा ४ सप्टेंबर १९८९ रोजी डेंग यांनी सहकाऱ्यांना शांतपणे निरीक्षण करण्याचा, पाय रोवून उभे राहण्याचा व संयमाने तोंड देण्याचा सल्ला दिला. त्या भाषणाच्या छापील पाठात मात्र हा वाक्प्रचार नाही. ‘पुढारपण नको, तरी काही करून दाखवावे’ हा विचार डिसेंबर १९९० मधला. खुद्द ‘थाओग्वांग-यांगह्वेइ’ हे शब्द त्यांच्या कालानुक्रमिक चरित्रात एप्रिल १९९२ च्या नोंदीत येतात. त्यामुळे वेगवेगळ्या वेळची वचने उत्तराधिकाऱ्यांनी, बहुधा जियांग झेमिन यांच्या काळात, एकत्र गुंफली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अर्थाबाबतही वाद आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अहवालांनी ‘क्षमता लपवा, संधीची वाट पाहा’ असे भाषांतर रूढ केले. ‘संधीची वाट’ मूळ चार अक्षरांत नाही. चीनचे परराष्ट्र धोरण पाहणारे वरिष्ठ नेते दाइ बिंगग्वो यांनी २०१० मध्ये हा कट नसून विनय व सावधगिरी असल्याचे प्रतिपादन केले. तरीही झाकण्याची क्रिया मूळ शब्दांतच आहे, त्यामुळे परक्यांचा संशय सर्वस्वी निराधार ठरत नाही.

जुलै २००९ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी राजदूतांच्या परिषदेत सूत्राच्या दोन्ही अंगांना एकेक शब्द जोडला : तेज झाकणे ‘कायम राखावे’ आणि ‘सक्रियपणे’ काही करून दाखवावे. बदल एवढाच; पण अभ्यासकांनी भर दुसऱ्या शब्दावर मानला, आणि ते योग्यच होते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये शेजारी देशांविषयीच्या परिषदेत शी जिनपिंग यांनी ‘जोमाने कर्तृत्व गाजवण्या’ची भाषा वापरली. महिन्याच्या आतच, २३ नोव्हेंबरला, चीनने पूर्व चिनी समुद्रावर हवाई संरक्षण ओळख क्षेत्र (ज्यात शिरणाऱ्या विमानांनी आपली ओळख देणे अपेक्षित असते) जाहीर केले. जिबूती येथील पहिला परदेशी लष्करी तळ २०१७ मध्ये सुरू झाला.