कोऱ्या इंजिनाला रंग कुठला? लोंढा–मिरज मार्गाची पार्श्वभूमी

करड्या प्लॅस्टिकचं, रंग न दिलेलं डिझेल इंजिनाचं मॉडेल हातात आलं की पहिला प्रश्न रंगाचा पडतो. बेळगाव, खानापूर, घटप्रभा या आपल्या रुळांवरचं इंजिन करायचं असेल, तर मात्र रंगाच्या आधी साल ठरवावं लागतं. कारण या मार्गावर रूळही बदलले आणि मालकही.

सदर्न मराठा रेल्वे १८८२ ची. तिने टाकलेली पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा ही लाईन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली होती. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळाली आणि 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य आणि २००३ मध्ये हुबळी मुख्यालयाची दक्षिण पश्चिम. मध्ये १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण रेल्वेच्या सीमा तेव्हा हलल्या नाहीत. राज्याचा नकाशा समोर ठेवून इंजिनावरची अक्षरं ठरवली तर ती हमखास चुकतात.

ही अक्षरंच खरी कसोटी आहे. दरे (दक्षिण रेल्वे), दमरे (दक्षिण मध्य), दपरे (दक्षिण पश्चिम): एवढ्याशा अक्षरांत अर्धं शतक येतं. मीटरगेजचं वायडीएम-४ आणि ब्रॉडगेजचं डब्ल्यूडीएम-२, दोघंही अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या घराण्यातली. लांब नाक, एका टोकाकडे केबिन, सहा आस. लांबून पाहिलं तर सख्खी भावंडं वाटतात. पण मिरज–लोंढा मीटरगेज १९९०च्या दशकातच गेली, म्हणून वायडीएम-४ वर 'दपरे' लिहून ते खानापूरला उभं केलं तर ते खोटं ठरतं. आकड्यांचंही तसंच: वायडीएम-४ चा क्रमांक चार अंकी, डब्ल्यूडीएम-२ चा पाच अंकी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अक्षरं इंजिनाच्या शेडची, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठिकाणची असतात, मार्गाची नव्हे. त्यामुळे 'मरे' (मध्य रेल्वे) लिहिलेलं पुण्याचं ब्रॉडगेज इंजिन बेळगावात दिसणं अगदी रास्त.

रंगाचं सूत्र वेगळंच. वाफेची इंजिनं बहुतेक काळी, तिथे वाद नाही. डिझेलच्या बाबतीत देशभर एकच रंग कधीच नव्हता. पट्टा कुठे, कडा कुठल्या, हे शेड ठरवायचं, आणि मोठ्या दुरुस्तीनंतर तेच इंजिन वेगळ्या रंगात बाहेर पडायचं. म्हणून एकाच क्रमांकाचे दोन फोटो जुळले नाहीत तर दोन्ही खरे असू शकतात. कृष्णधवल फोटोवर तर विसंबूच नये. त्यात गडद लाल आणि गडद निळा सारखेच दिसतात.

डबे मात्र साल नेमकं सांगतात. आपल्या लहानपणीचे डबे खानापूरच्या कौलांसारखे तांबडे. १९९०च्या दशकात निळे आले, ते हौसेसाठी नव्हे. व्हॅक्यूम ब्रेकऐवजी एअर ब्रेक असलेला डबा यार्डात लांबून ओळखू यावा म्हणून. या मार्गावर गेज बदलण्याचा काळही साधारण तोच. त्यामुळे मीटरगेज इंजिनामागे तांबडे डबे लावले की डोळ्याला लगेच पटतं.

एचओ म्हणजे मॉडेलच्या १:८७ प्रमाणात मीटरगेजचे रूळ १२ मिलिमीटरचे लागतात. नेहमीच्या १६.५ वर मीटरगेज इंजिन चालवलं तर रंग कितीही अचूक असो, चाकं चुगली करतात. स्टेशनची पाटी करतानाही तारीख पाहावी: 'बेळगावी' हे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं, मीटरगेजच्या फलाटावर ते शोभणार नाही.

माझ्या टेबलावरच्या इंजिनासाठी मी १९८० च्या आसपासचा काळ धरला आहे. टिळकवाडीच्या दुसऱ्या गेटावरून जाणारं, 'दमरे' लिहिलेलं वायडीएम-४. प्रायमरचा हात देऊन ठेवलाय. त्या वर्षांतला एक रंगीत फोटो मिळाला की मास्किंग टेप लावायला घेईन.