धाप लागेल असा व्यायाम, घरच्या फरशीवर

मोबाइलवर ‘चार मिनिटांत तबाता’ असं शोधलं की उड्या मारणाऱ्या माणसांची रांग लागते. ज्यांच्या नावावर हे सगळं चालतं त्या जपानी संशोधक इझुमी तबाता यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मात्र कुणाच्या हॉलमध्ये झाला नव्हता. व्यायामशिक्षणाचे तरुण विद्यार्थी, प्रयोगशाळेतली ब्रेक लावलेली सायकल, २० सेकंद जीव तोडून पेडल, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. जोर किती? शरीर जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरू लागतं त्या पातळीच्या १७० टक्के. पेडलचा वेग मिनिटाला ८५ फेऱ्यांच्या आसपासही राखता येईना की थांबायचं. कुणी नऊपेक्षा जास्त फेऱ्या काढू लागला की सायकलचा भार वाढवायचा. सहा आठवड्यांत या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ७ मिलिलिटरनं वाढली. आठवड्यातले पाच दिवस तासभर मध्यम जोरानं सायकल चालवणाऱ्या दुसऱ्या गटात ती ५ मिलिलिटरनं वाढली. ऑक्सिजनविना ऊर्जा पुरवण्याची क्षमता पहिल्या गटात २८ टक्क्यांनी वर गेली, दुसऱ्या गटात जागची हलली नाही.

तेव्हा चार मिनिटांनंतर हसत हसत पुढचा व्हिडिओ लावता येत असेल, तर झाला तो व्यायाम तबाता नव्हे. त्यात वाईट काही नाही. घरी तबाता करायची गरजही नाही. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, म्हणजेच ‘हिट’, यात सर्वसामान्यांना झेपणारे आणि तपासून पाहिलेले प्रकार आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला यांच्या गटानं वापरलेला प्रकार घराला सगळ्यात सोयीचा आहे: एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, अशा दहा फेऱ्या. नॉर्वेत चार मिनिटं जोराची आणि तीन मिनिटं हलक्या हालचालीची, अशा चार फेऱ्यांची पद्धत रूढ आहे. तिथल्या उल्रिक विस्लॉफ यांनी २००७ मध्ये ही पद्धत हृदय दुबळं झालेल्या, सरासरी पंचाहत्तरीच्या रुग्णांवर वैद्यकीय देखरेखीखाली वापरून दाखवली, आणि तीही चढत्या ट्रेडमिलवर चालून. जोर म्हणजे उड्याच असं नाही. ज्याच्या त्याच्या कुवतीच्या मानानं जे अवघड, तो त्याचा जोर.

आता शरीरात काय होतं ते पाहू. एकदम जोर लावला की पहिली आठ-दहा सेकंदं स्नायू आपल्या जवळच्या फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे तत्काळ ऊर्जा देणाऱ्या छोट्या साठ्यावर, काम काढतात. ते उतरू लागलं की साठवलेली साखर ऑक्सिजनशिवाय फोडली जाते. मांड्या भरून येतात त्या याच टप्प्यात. फुप्फुसं आणि हृदयाकडून होणारा ऑक्सिजनचा पुरवठा गरजेला गाठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. मधल्या सावकाश भागात श्वास चढलेलाच असतो, पण स्नायूंवरचा भार उतरतो आणि फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरू लागतं. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं, आणि जवळपास पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं. म्हणून विश्रांतीची लांबी ही किरकोळ बाब नाही. ती कमी ठेवली तर पुढच्या फेरीचा जोर पडतो; फार वाढवली तर हृदयाचे ठोके पार खाली येतात आणि प्रत्येक फेरी पहिल्यापासून सुरू केल्यासारखी होते. नियमित व्यायामानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि स्नायूपेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात. हे दोन्ही कमी वेळात साधायचं तर काही मिनिटं तरी कमाल क्षमतेच्या जवळ काढावी लागतात.

घरी नेमकं इथंच बिनसतं. धड जोर नाही, धड विश्रांती नाही. व्हिडिओतल्या संगीताच्या ठेक्यावर वीस मिनिटं एकाच मध्यम गतीनं हातपाय हलत राहतात, घाम येतो, समाधान होतं. हा चांगला मध्यम व्यायाम झाला, सोलापूरच्या कंबर तलावाकाठी भरभर चालण्यासारखा. पण ते हिट नव्हे.

ओळखायचं कसं? जोराच्या भागात शेवटी शेवटी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, आणि सावकाश भाग संपता संपता एखादं पूर्ण वाक्य बोलता यावं. आकडा हवा असेल तर नाडी मोजा. कमाल ठोक्यांसाठी २२० वजा वय हे सूत्र सर्रास वापरतात, पण वय वाढेल तसं ते खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करणं जास्त जवळ जातं. चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं. साठीत मात्र पहिलं १६० सांगतं आणि दुसरं १६६. जोराच्या भागात कमालीच्या ८५ ते ९० टक्के गाठायचे. चाळीस वर्षांच्या माणसाला ते म्हणजे १५३ ते १६२ ठोके. थांबल्या थांबल्या मनगटावर किंवा गळ्याच्या एका बाजूला हलकेच दोन बोटं ठेवून फक्त दहा सेकंद मोजा: २५ ते २७ ठोके लागायला हवेत. तीस वर्षांच्या माणसाला २६ ते २८, पन्नाशीत २४ ते २६. अर्धा मिनिट मोजत बसलात तर तेवढ्यात नाडी उतरलेली असते. पहिल्या फेरीवरून निवाडा करू नका. ठोके वर चढायलाच दोन-तीन फेऱ्या जातात. मनगटावरचे बँड जोराच्या हालचालीत मागे पडतात आणि हात जमिनीला टेकवून मनगट वाकवलं की काहीच्या काही आकडे दाखवतात.

व्यायाम निवडताना एकच प्रश्न विचारायचा: आधी काय थकतं, हृदय की एखादा स्नायू? जोर (पुश-अप) मारताना दंड आणि छाती वीस-पंचवीस सेकंदांत हात टेकतात, ठोके १३० च्या आसपासच रेंगाळतात. प्लँकचंही (कोपरांवर अंग ताठ धरून राहणं) तेच. ताकदीसाठी दोन्ही उत्तम, पण इथं उपयोग कमी. मोठे स्नायू, म्हणजे मांड्या आणि नितंब, एका लयीत कामाला लावणारे प्रकार हवेत. गुडघे कमरेपर्यंत उचलून जागच्या जागी धावणं, जम्पिंग जॅक, दोरीच्या उड्या, माउंटन क्लाइंबर (हात जमिनीला टेकवून एकेक गुडघा छातीकडे भराभर ओढणं) हे नेहमीचे. सोलापूरच्या तालमींतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली बैठक या यादीत मानानं बसते: खाली जाताना टाचा उचललेल्या, हात झुलते, वेग एकसारखा. उडी नसल्यानं खालच्या मजल्यावरचे पंखा बंद करून वर बघत नाहीत, हा वेगळा फायदा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी पूर्ण बैठक न मारता खुर्चीच्या उंचीपर्यंतच जावं. बर्पी, म्हणजे बैठक, जोर आणि उडी एका दमात, नवख्यांनी पहिले दोन महिने सोडूनच द्यावी असं आमचं मत आहे. दमल्यावर तिच्यात कंबर पहिली लोंबते आणि मग पाठ धरते.

जिना असेल तर निम्मं काम झालं. गिबाला यांच्याच गटानं बैठं जीवन जगणाऱ्या स्त्रियांना २० सेकंद जोरात जिना चढायला लावला, मध्ये दोन मिनिटं हलकं चालणं, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. सहा आठवड्यांत त्यांची क्षमता मोजण्याइतकी वाढली. चढा जोरात, उतरा मात्र कठड्याला हात लावून सावकाश. घसरणं आणि गुडघ्यावरचा दणका, दोन्ही उतरतानाच. आपल्याकडे सोलापुरात नळाला पाणी दिवसाआड नव्हे, कित्येक दिवसांआड येतं. त्या दिवशी पंधरा लिटरची बादली घेऊन दुसरा मजला तीनदा चढणाऱ्यानं संध्याकाळी पुन्हा हिट करायची जरूर नाही.

वेळापत्रक सोपं राहावं म्हणून प्रत्येक फेरी दोन मिनिटांचीच ठेवा, आतली वाटणी बदला. पहिले दोन आठवडे ३० सेकंद जोर आणि ९० सेकंद सावकाश चालणं, सहा फेऱ्या. पुढचे तीन-चार आठवडे ४० आणि ८०, आठ फेऱ्या. त्यानंतर ६० आणि ६०. आठपासून सुरू करून दहापर्यंत. आधी पाच-सहा मिनिटं अंग गरम करायचं: दोन मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे आणि घोटे फिरवणं, दहा सावकाश बैठका, शेवटच्या मिनिटात गुडघे उचलत थोडा वेग. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या कमरेचे आणि पोटऱ्यांचे स्नायू आखडलेले असतात, त्यांनी इथं दहा मिनिटं द्यावीत. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सोडून. रोज करणाऱ्यांचा जोर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पडतो आणि नडगी दुखू लागते. यंत्रमागावर आठ तास उभं राहून आलेल्या माणसाला वाटतं आपला व्यायाम झाला. पाय थकलेले असतात हे खरं, पण हृदयाला कमालीच्या जवळ नेणारं त्यात फारसं काही नसतं.

फरशी, चादर आणि मे महिना

शहाबादी फरशी थंड असते, टिकाऊ असते आणि अजिबात दबत नाही. अनवाणी उड्यांचा सगळा दणका नडगी आणि टाचेवर येतो. म्हणून घरातही बूट घाला, तळ सपाट आणि पकड असलेला. चवड्यावर उतरा, गुडघे किंचित वाकलेले, उडी वितभर नको, दोन बोटं पुरे. पाय टेकल्याचा आवाज मोठा येत असेल तर उतरणं चुकतंय. मऊपणासाठी सोलापुरी चादर चौपदरी घालून तिच्यावर उड्या मारणं हा हमखास पडण्याचा मार्ग आहे: वरचा पदर पायाला चिकटतो, खालचा गुळगुळीत फरशीवरून सरकतो, आणि माउंटन क्लाइंबर करताना हातच पुढे निघून जातात. रबरी मॅट नसेल तर चादर नकोच, कोरडी फरशी बरी. घामाचे थेंब मात्र फेरीगणिक पुसा. त्यासाठी सोलापुरी टॉवेल हाताशी असतोच.

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा शरीराला उष्णता टाकायला घाम वाळणं हाच मुख्य मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. टपकून फरशीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही. आपली कोरडी हवा इथं कामी येते. पण दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली दमट होते, घाम वाळेनासा होतो आणि थंड वाटत असूनही अंग आतून तापत जातं. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी हवी. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून संध्याकाळी उष्णता सोडत राहतो, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाच-सहाची वेळ धरा. उष्म्यात रक्त त्वचेकडे वळतं, त्यामुळे त्याच कामाला नाडी जास्त दिसते. वेग तिच्या मानानं कमी करा, हिवाळ्यातल्या फेऱ्यांची बरोबरी करायला जाऊ नका. वीस मिनिटांच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं, मीठ-साखरेच्या पाण्याची गरज नसते.

जेवण आणि व्यायामात दोन ते तीन तास हवेत. पहाटे उपाशीपोटी गरगरत असेल तर अर्धं केळं खा. वजनाबाबत फुगवलेल्या अपेक्षा नकोत. व्यायामानंतरही ‘चरबी जळत राहते’ असं सांगतात, ते खरं आहे, पण हा जादा खर्च व्यायामातल्या खर्चाच्या साधारण ६ ते १५ टक्केच असतो. २०० किलोकॅलरींचा व्यायाम झाला तर १२ ते ३०. भाकरीबरोबर दहा ग्रॅम शेंगाचटणी जास्त घेतली की पन्नासेक भरतात.

शेवटची फेरी झाली की धपकन बसू नका. पायांत उतरलेलं रक्त पोटऱ्यांच्या हालचालीनंच वर ढकललं जातं. ती थांबली की मेंदूला रक्त कमी पडून डोळ्यांपुढे अंधारी येते. चार-पाच मिनिटं घरात फेऱ्या मारा, गरम पाण्यानं आंघोळ त्यानंतर.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. चाळिशी ओलांडलेल्या, बरीच वर्षं व्यायाम नसलेल्या आणि तंबाखू किंवा सिगारेट ओढणाऱ्यांनीही घ्यावा. बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्या ठोके दाबून धरतात. त्या चालू असतील तर वरचे नाडीचे आकडे लागू होत नाहीत, बोलण्याची कसोटीच वापरा. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, किंवा न थांबणारी धडधड आली तर व्यायाम बंद करून सरळ दवाखाना गाठा. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. सवय नसताना पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका मारल्या तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातली प्रथिनं मूत्रपिंडावर येतात. मांड्या असह्य दुखणं, सूज आणि कोऱ्या चहासारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. ताप असताना हिट अजिबात नको. विषाणूची लागण हृदयाच्या स्नायूलाही होऊ शकते.

प्रगती मोजायला आरसा उपयोगी नाही. शेवटची फेरी संपल्यावर लगेच नाडी मोजा, मिनिटभर सावकाश चालून पुन्हा मोजा, फरक वहीत लिहा. आठवड्यांमागून आठवडे हा फरक वाढायला हवा. तो वारंवार १२ ठोक्यांच्या आतच राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. फरक चांगला वाढलाय आणि शेवटच्या फेरीतही दोनाचे चार शब्द सहज निघतायत, तर फेऱ्या न वाढवता आधी वेग वाढवा; फेऱ्यांना हात लावायचा तो पुढच्या आठवड्यात.