गोळी सोडल्यावर जळजळ का वाढते?

‘गोळी बंद केली की दोन दिवसांत जळजळ सुरू होते, म्हणजे ॲसिडिटी माझ्या पाचवीलाच पुजली आहे,’ असे सांगणारी मंडळी पुण्यामुंबईत घरोघरी भेटतात. कधीतरी अंगदुखीच्या औषधाबरोबर पाच दिवसांसाठी लिहून दिलेली, आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोलची गोळी दुखणे गेल्यावरही चालू राहते, आणि चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असूनही रिकामी स्ट्रिप दाखवली की मेडिकलमध्ये नवी मिळते. या मंडळींचे निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

जठराच्या अस्तरातील काही पेशींत एक प्रथिन असते. ते हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलते आणि त्या बदल्यात पोटॅशियमचे आयन आत घेते. हाच प्रोटॉन पंप. त्याच्यामुळे जठररसातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा दहा लाख पटींहूनही अधिक होऊ शकते. गोळीवरच्या आवरणामुळे पॅन्टोप्राझोल जठरात विरघळत नाही. ते लहान आतड्यातून रक्तात शिरते, रक्तावाटे पुन्हा जठराच्या या पेशींपाशी येते आणि चालू पंपालगतच्या सूक्ष्म नलिकांत साठलेल्या तीव्र आम्लात त्याचे रूप पालटून ते पंपातल्या सिस्टिन या अमिनो आम्लाशी घट्ट बंध जोडते. ज्या आम्लाला रोखायचे, त्यानेच औषधाला धार यावी, ही योजना मला विलक्षण वाटते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची ती याचसाठी, कारण जेवणाने पंप कामाला लागतात आणि निष्क्रिय पंपावर या औषधाची मात्रा चालत नाही. रक्तातले औषध काही तासांत ओसरले, तरी नवे पंप घडेपर्यंत परिणाम टिकतो.

मात्र आम्ल घटल्याचे कळताच जठराचा खालचा भाग गॅस्ट्रिन हे संप्रेरक अधिक सोडू लागतो. गॅस्ट्रिनमुळे हिस्टामिन हे आम्लस्रावाला चालना देणारे रसायन स्रवणाऱ्या पेशी चेवतात, आणि गोळी दीर्घकाळ चालू राहिली तर त्यांची वाढही होते. पंप जखडलेले असेपर्यंत हे जाणवत नाही. गोळी थांबली, की नव्या पंपांना या वाढलेल्या हिस्टामिनचा रेटा मिळतो आणि आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त पाझरते.

डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर झालेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आठ आठवडे याच वर्गातले एसोमेप्राझोल आणि पुढे चार आठवडे औषध नसलेली गोळी दिली. दुसऱ्या गटाला बाराही आठवडे औषध नसलेलीच. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, तर दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. आम्लाचा कोणताही विकार नसलेली ही माणसे होती.

म्हणूनच शहरातील प्रौढ कोणती औषधे घेतात याच्या पाहणीत ‘रोज घेता का?’ एवढेच विचारणे अपुरे ठरते. गोळी कोणी, कशासाठी सुरू केली आणि सोडून पाहिल्यावर किती दिवस वाट पाहिली, हे कळल्याशिवाय रोग किती आणि गोळीनेच उभी केलेली गरज किती, याचा हिशेब लागत नाही. जळजळीवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या ‘अल्कलाइन’ पाण्याची क्षारता तर जठरातल्या आम्लापुढे पाहता पाहता संपते.

उसळलेले आम्ल बहुधा काही आठवड्यांत निवते. तोवर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि अधूनमधून साधे अँटासिड देतात. अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांनी किंवा हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी मात्र ही गोळी आपल्या मनाने सोडू नये.